बिनतारी छंद : लेखांक सातवा – गोंगाटाची तहकीकात

गेल्या लेखांकात आपण अँटेना उभारली. ती सुस्थितीत असूनही 40 मीटरच्या पट्ट्यावर दूरच्या केंद्राचा क्षीण आवाज अखंड गुरगुरीखाली बुडून जात असेल, तर अधिक शक्तीचा प्रक्षेपक घेण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो सर्वथा अस्थानी आहे, कारण आपण कितीही मोठ्याने बोललो तरी त्यामुळे आपल्याला अधिक ऐकू येत नाही. एस-मीटरवरील एक अंश म्हणजे 6 डेसिबेल. तेव्हा गोंगाट केवळ दोन अंशांनी खाली आणला, तर समोरच्या गृहस्थाने आपले 100 वॉट वाढवून 1600 वॉट केल्याने जो लाभ झाला असता, तोच आपल्या पदरात पडतो.

या उपद्रवाची तहकीकात स्वतःच्या घरापासून सुरू करावी, असा माझा आग्रह आहे, आणि त्यामागे सौजन्यापेक्षा हिशेब अधिक आहे. जवळचा क्षुल्लक उगमही दूरच्या प्रबळ उगमाला सहज मागे टाकतो. प्रथम अँटेना काढून पाहावी. गोंगाट तसाच राहिला, तर तो विजेच्या तारेवाटे शिरतो आहे किंवा यंत्रातच उद्भवतो आहे. तो नाहीसा झाला, तर अँटेना पुन्हा जोडून संच 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवावा आणि घराचा मेन स्विच बंद करावा. येथेच पुष्कळांचा तपास फसतो, कारण मेन बंद होताच घरातला इन्व्हर्टर आपण होऊन जागा होतो, आणि तो स्वतःच मुख्य संशयित असण्याचा संभव असतो; म्हणून त्यालाही निद्रिस्त करून, लॅपटॉपसारखी स्वतःच्या बॅटरीवर चालणारी उपकरणे बंद करून, मगच कान द्यावा. शांतता पसरली तर एकेका खोलीचा पुरवठा क्रमाने पूर्ववत करीत जावे.

बहुधा सापडतो तो स्वस्त एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर किंवा खुद्द आपल्याच संचाचा स्विचिंग पॉवर सप्लाय. ही उपकरणे विद्युत्प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि जोडतात, आणि त्या तीक्ष्ण आघातांतून उठणाऱ्या गुणित कंप्रता थेट मेगाहर्ट्झच्या प्रदेशापर्यंत पोहोचतात. डायल फिरवताना सारख्या अंतराने गोंगाटाचे उंचवटे लागत गेले, तर असले उपकरण जवळपास आहे असे समजावे.

अपराधी उपकरण बदलता येत नसेल, तर त्याची तार फेराइटच्या कड्यातून गुंडाळावी. नुसती कडी तारेवर चढवून समाधान मानणारे पुष्कळ आहेत. परंतु रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तीन वेढे एका वेढ्याच्या सुमारे नऊपट काम करतात, आणि 7 मेगाहर्ट्झवर एकेरी कडीचा उपयोग फारसा होत नाही. असाच चोक कोॲक्स केबल अँटेनाला मिळते त्या ठिकाणीही घालावा, नाहीतर केबलच्या जाळीचा बाह्य पृष्ठभागच अँटेना होऊन घरातला सारा गोंगाट गोळा करून आणतो. उलट, आपण बोलू लागताच शेजारच्या स्पीकरमधून आपलाच विद्रूप आवाज निघत असेल, तर त्या स्पीकरच्या तारेवरही हाच इलाज लागू पडतो.

अर्थिंगविषयी मात्र अतोनात श्रद्धा आढळते. विजेच्या धक्क्यापासून आणि आकाशातून कोसळणाऱ्या विजेपासून संरक्षणासाठी ते अनिवार्यच आहे. पण दुसऱ्या मजल्यावरून जमिनीपर्यंत उतरणारी पाच-साडेपाच मीटरची तार 14 मेगाहर्ट्झवर तरंगाच्या चतुर्थांशाएवढी भरते, आणि मग तिच्या वरच्या टोकाशी गोंगाटाला वाट मिळण्याऐवजी अटकाव होतो.

घर निर्दोष ठरले तरच बाहेर पडावे. 50 हर्ट्झच्या विजेच्या सैल जोडणीत ठिणगी उडत असेल, तर ती सेकंदाला शंभरदा उडून कर्कश भणभण उत्पन्न करते. असा गोंगाट वैशाखात माजतो आणि पहिल्या पावसात बहुधा विरतो, आणि हा दाखला वीज कंपनीपुढे ठेवण्यास उपयोगी पडतो. हातात मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर घेऊन तो फिरवीत जावे. आतल्या फेराइट दांडीचे टोक उगमाकडे झाले की आवाज मंदावतो. दोन-तीन ठिकाणांहून अशा रेषा जुळवल्या की संशयित खांब निश्चित होतो. त्या खांबाचा क्रमांक आणि गोंगाटाच्या वेळा तक्रारअर्जात लिहाव्यात. मात्र खांबाला हात लावू नये, त्याची ताण-तार हलवून पाहू नये, ते काम कंपनीच्या वायरमनचेच आहे.