नस्तीबद्ध म्हणजे काय?

एका शब्दापायी गेलेली मुदत

नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीची गडर लाईन दर पावसाळ्यात तुंबते. शेजारच्या काकांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दुरुस्तीचं काम कधी मंजूर झालं, कुणाला दिलं आणि बिल किती निघालं, एवढंच विचारलं होतं. काही दिवसांनी पत्र आलं. ते पत्र घेऊन काका माझ्याकडे आले तेव्हा दोन महिने उलटले होते, आणि ते खुशीत होते. "अर्ज नस्तीबद्ध केला म्हणून लिहिलं आहे. म्हणजे फाईल तयार झाली नं?"

नस्ती म्हणजे फाईल हे त्यांना ठाऊक होतं, बद्ध म्हणजे बांधलेली हेही. दोन्ही अर्थ बरोबरच. पण कार्यालयी मराठीत अर्ज नस्तीबद्ध करणं म्हणजे प्रकरण बंद करणं. काका निश्चिंत बसले आणि तेवढ्यात पहिल्या अपिलाची ३० दिवसांची मुदत निघून गेली.

चाळीस वर्षं रोज मराठी पेपर वाचणारा माणूस आहे हा. पत्र मराठीत होतं, सही-शिक्क्याचं होतं. तरी आपल्याला नकार मिळाला आहे हे त्यांना कळलं नाही. त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे: सरकारने मराठीत उत्तर देणं पुरेसं नाही, ज्याला उत्तर दिलं त्याला ते कळलं पाहिजे. नाहीतर हक्क कागदावर राहतो.

हक्क कुठे लिहिला आहे

आपलं गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, असं राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० सांगतो. राज्याला आपली राजभाषा ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद ३४५ ने दिला. त्यातून १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला. महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांच्या कारभारात मराठी बंधनकारक करणारा वेगळा कायदा मात्र २०२२ साली झाला.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याचं म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. ही शेवटची तरतूद मोहल्ल्यात फारशी कुणाला माहीत नाही, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते.

नस्तीबद्धसारखे शब्द आले कुठून

नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५० च्या कायद्याने त्या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा झाल्या. कारभारासाठी संस्कृतावरून हजारो शब्द घडवणारे डॉ. रघुवीर यांचं कामही नागपुरात झालं. पुढे महाराष्ट्र राज्य आल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश ही त्याच परंपरेतली कामं. ही माणसं राबली नसती तर आपली कार्यालयं इंग्रजीतच राहिली असती, हे मी कृतज्ञतेने म्हणतो.

पण ते शब्द फाईलच्या दोन बाजूंना बसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी घडले. फाईल ज्याची आहे तो माणूस तेव्हा टेबलाशी नव्हता. फलकावर 'नागपूर सुधार प्रन्यास' असतं, लोक एनआयटीच म्हणतात. प्लॉट नियमित झाल्याचा कागद आमच्याकडे 'आरएल' असतो. लोकांनी आपले शब्द कधीचे निवडले आहेत. कार्यालयांनी ते ऐकायला हवेत.

नकाराचे नियम

काकांच्या पत्रात आणखी एक मोठी उणीव होती. अर्ज नाकारताना नकाराचं कारण, अपिलाची मुदत आणि अपील कुणाकडे करायचं, या तिन्ही गोष्टी कळवणं कलम ७(८) प्रमाणे सक्तीचं आहे. पत्रात एकही नव्हती. कलम १९ असंही म्हणतं की उशिराला पुरेसं कारण असेल तर मुदतीनंतरचं अपील दाखल करून घेता येतं. आम्ही तेच कारण लिहिलं: नकार दिला आहे हे पत्रावरून कळलं नाही, आणि मुदतही पत्रात नव्हती. अपील दाखल झालं, कागद मिळाले.

जिथे मराठी थांबते

मिळालेल्या कागदांत कामाचं अंदाजपत्रक इंग्रजीत होतं. याबाबत कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी. कागद ज्या भाषेत कार्यालयाकडे आहे त्या भाषेत मिळतो, अनुवाद करून देण्याचं बंधन नाही. सोबतचं पत्र मराठीत. पाईप किती खोल टाकायचा, हे मात्र इंग्रजीत. लोकांसाठी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या माहितीत स्थानिक भाषेचा विचार व्हावा, असं कलम ४(४) सांगतं. गल्लीतल्या कामाचं अंदाजपत्रक त्याच नियमाने मराठीत लागावं, ही माझी मागणी आहे.

नगरसेवक नव्हता तेव्हा

मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी, हा घटनेतल्या अनुच्छेद २४३-यू चा दंडक. पण आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत राज्यभरातल्या निवडणुका अडकल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या चार महिन्यांत घेण्याचा आदेश द्यावा लागला. त्या आदेशापर्यंतच मतदाराची तीन-सव्वातीन वर्षं गेली होती. नगरसेवकाचं एक काम तेव्हा जाणवलं: सरकारी पत्र घेऊन कुणी दारात आलं की तो ते बोलीत सांगायचा. ती खिडकीही बंद होती.

अर्ज लिहिताना

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. 'काम का झालं नाही' असं विचारू नका, कार्यादेशाची आणि देयकाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तरी पहिलं अपील करता येतं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत. आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे.

नस्तीबद्ध, निकाली काढण्यात आला, दप्तरी दाखल: या तिन्हींपैकी काहीही दिसलं तर तुमचं प्रकरण बंद झालं आहे असं समजा. असं पत्र घरात पडून असेल तर त्यावरची तारीख आजच पाहा.