गुलाबी पाठ

प्रेत पालथं केलं आणि मामा थांबले. एरवी ते थांबत नाहीत. आमच्या ग्रामीण रुग्णालयात चीर देण्याचं काम त्यांचं, बघायचं आणि लिहायचं काम माझं. "मॅडम, ही पाठ बघा," ते म्हणाले.

पाठीवर डाग होते. ते असतातच. हृदय थांबलं की रक्त उताराला लागतं. माणूस उताणा पडला असेल तर पाठीवर, मांड्यांच्या मागे साठतं आणि कातडीवर जांभळट दिसतं. हे जांभळट नव्हतं. पिकलेल्या पेरूचा आतला गर असतो ना, तसं गुलाबी होतं.

पोरगा सव्वीस वर्षांचा. सकाळी अंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. दार तोडलं तेव्हा नळ चालू होता. पंचनाम्यात 'घसरून पडला असावा' असं लिहिलेलं, घरचे म्हणत होते फिट आली असेल. डोक्याला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

नुसत्या रंगावर मी विसंबले नसते. थंडीत पडून राहिलेल्या प्रेतावरही असा गुलाबीपणा चढतो, आणि दिवस डिसेंबरचे होते. पण मामांनी छाती उघडली तर आतले स्नायूही तसेच लालभडक, रक्तही तसंच. शेजारच्या लॅबमधून दोन काचनळ्या आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी मागवलं. एका नळीत त्याचं रक्त पाण्यात पातळ करून घेतलं. तुलनेला साधं रक्त हवं होतं, म्हणून टेक्निशियनपुढे मीच हात धरला. दोन्हींत सोड्याचे थेंब टाकले. माझं रक्त बघता बघता शेवाळल्यासारखं तपकिरी-हिरवं झालं. त्याचं गुलाबीच राहिलं.

टीव्हीवरचे डॉक्टर साळुंखे काचनळी हलवून खुन्याचं नाव सांगतात. माझ्या नळीने सांगितलं ते एवढंच, की याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे. ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट हा वायू हिमोग्लोबिनला चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळ करणाऱ्याला वाटतं वाफेने जरा गरगरतंय, आणि कडीकडे हात जाईपर्यंत पाय गेलेले असतात. हा झाला शरीराच्या बाजूचा हिशेब. वायू आला कुठून, ते शरीर सांगत नाही.

हातमोजे काढून बाहेर आले. भाऊ पायरीवर बसला होता.

"पाणी कशावर तापवता?"

"गॅस गीझर आहे. मागच्या महिन्यातच बसवला."

"कुठे बसवला? बाथरूममध्ये?"

"हो."

"खिडकी?"

"आहे की. थंडी वाजते म्हणून प्लास्टिक लावलंय."

कॉलेजात आम्हाला अवयवांना प्रश्न विचारायला शिकवलं. हृदयाचं वजन करा, मेंदूचे काप घ्या, फुफ्फुस दाबून फेस येतो का बघा. खिडकीबद्दल विचारा, असं कुणी शिकवलं नाही. ते मी पायरीवर शिकले. मृत्यू जितका चमत्कारिक, तितकं त्याचं कारण टेबलापासून लांब सापडतं, असं आता माझं मत झालंय. आपल्याकडचं पहिलं न्यायवैद्यक शवविच्छेदन म्हणून जे सांगतात, त्याची गोष्टही हीच. 1693 साली मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीच्या कौन्सिलमधले व्हीलर नावाचे गृहस्थ औषध घेऊन दगावले. एडवर्ड बल्कली या सर्जनने प्रेत उघडलं. औषध होतं मोत्याची पूड. कारण निघालं खलात: त्याच खलात आधी सोमल कुटला होता आणि तो धुवायचा राहिला होता.

कधीकधी मात्र कारण अगदी हाताशी असतं आणि तरी हुकतं. लग्नाच्या पंगतीत एक काका बोलता बोलता कोसळले. घास नरड्यात आणि थोडी घेतलेली. सगळे म्हणाले, अटॅक. घसा उघडला तर स्वरयंत्राच्या तोंडावर मटणाचा अख्खा तुकडा बुचासारखा बसलेला. असे नऊ मृत्यू 1963 मध्ये हॉगन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मांडले, तेही हॉटेलात जेवताना झालेले आणि हार्ट अटॅक समजले गेलेले. अडकलेला माणूस ओरडू शकत नाही, म्हणून फसगत होते. मामांनी तुकडा चिमट्यात धरून उजेडात बघितला आणि म्हणाले, "चावायला पाहिजे होतं."

सगळ्यात अवघड मात्र तो मृत्यू, ज्यात काहीच सापडत नाही.

पावसाळ्यातली गोष्ट. तिशीची बाई, शेतकरी घरातली. रात्री पोटात कळा आल्या, नवऱ्याने सोडा दिला. पहाटे तिला डोळे उघडता येईनात. झोप येत असेल म्हणून कुणी उठवलं नाही. उजाडल्यावर श्वास लागला आणि वाटेत संपली. दवाखान्याच्या आवारात माहेरचे एका बाजूला, सासरचे दुसऱ्या. माहेरच्यांचा एकच शब्द: विष. दोन पोलीस मधे उभे.

आत सगळे अवयव रक्ताने गच्च भरलेले, पण ते कितीतरी मृत्यूंत दिसतं. जठरात वास नाही, जळल्याची खूण नाही. माहेरच्यांचं समाधान व्हावं म्हणून आणि नियम म्हणूनही जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग मिठाच्या घट्ट पाण्यात भरून लाखेने सील केला. अहवाल यायला महिने लागतात, आणि नेहमीच्या विषांच्या तपासणीत सापाचं विष सहसा सापडतही नाही. पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या ऐकल्यापासून माझ्या मनात मण्यार होती. घोणस चावली तर पाय सुजून टम्म होतो. मण्यारीचा दात सुईसारखा. सूज नाही, आग नाही, झोपलेल्याला जागही येत नाही.

मग आम्ही शोधायला लागलो. बोटांच्या बेचक्या, टाचा, कोपर, मान. मामांनी बॅटरी धरली, मी भिंग. अर्धा तास गेला. शेवटी मामांनी तिचा अंबाडा सोडला, केस बोटांनी विंचरत बाजूला केले, आणि डाव्या कानामागे केसांच्या कडेला दोन ठिपके दिसले. डास चावल्याएवढे, मधे सेंटिमीटरभर अंतर. कातडीचा काप घेतला, खाली मसुराएवढं रक्त साकळलेलं.

सर्पदंश लिहिला तर शेतकरी अपघात योजनेत वारसांना दोन लाख मिळू शकतात. नाही लिहिला तर नवरा चौकीत. मी ठिपके मोजून, आकृती काढून लिहिलं. तरी एक गोष्ट विचारायची राहिली होती. बाहेर जाऊन सासूबाईंजवळ बसले.

"ती खाली झोपायची का?"

"खालीच," त्या म्हणाल्या. थोडा वेळ गप्प राहिल्या. "खाट एकच आहे घरात. माझी कंबर दुखती म्हणून तिनंच मला दिली."