फरशीच्या खाली

'फरशी' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतला 'फर्श' आणि मराठीतली 'फरशी' एकाच घराण्यातले शब्द आहेत. घरात नवी फरशी बसली, की सगळे तिचा रंग आणि चकाकी पाहतात. पण ती किती वर्षे टिकेल, हे तिच्या खाली काय केले आहे यावर ठरते.

वाशीम जिल्ह्यातील अनसिंगचेच उदाहरण घ्या. या भागात काळी माती आहे. कापूस, तूर, सोयाबीन यांना ती फार मानवते. पण घराच्या जमिनीखाली हीच माती त्रास देते. असे का होते? या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिशय पातळ थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जाते आणि माती आकसते. शेतात पडलेल्या मोठमोठ्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील. तीच उठबस फरशीखाली झाली, तर फरशी कुठे उचलते, कुठे खचते. मग एखाद्या वृद्ध माणसाचा पाय अडखळतो आणि एकाच कामासाठी दोनदा पैसे मोजावे लागतात.

म्हणून जाणता गवंडी आधी जोत्याच्या आतली काळी माती शक्य तितकी काढून टाकतो. तिच्या जागी मुरूम भरतो. मुरूम म्हणजे झिजून भुगा झालेला खडक. तो काळ्या मातीसारखा फुगत नाही. मात्र सगळा मुरूम एकदम ओतायचा नसतो. सुमारे 15 सेंटिमीटरचा एक थर पसरायचा, त्यावर पाणी मारायचे आणि धुमसाने ठोकायचे. मग दुसरा थर. जाड थर वरून घट्ट दिसला, तरी आतून पोकळच राहतो.

भरणी पक्की झाली, की तिच्यावर सिमेंट, रेती आणि गिट्टी यांचा सुमारे 10 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर देतात. काँक्रीट उन्हात वाळून कडक होते, असे पुष्कळांना वाटते. खरे तर सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक क्रियेमुळे ते कडक होते. म्हणून त्याला निदान 7 दिवस ओले ठेवावे लागते. येथे घाई केली, तर काँक्रीट कच्चे राहते.

आता जमीन सपाट आहे का, हे कसे कळणार? डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. गवंडी एक लांब पारदर्शक नळी घेतो आणि तिच्यात पाणी भरतो. नळीत हवेचा बुडबुडा नसला, तर दोन्ही टोकांचे पाणी एकाच उंचीवर थांबते. या पाण्यावरून तो चारही भिंतींवर खुणा करतो आणि तेथून खाली मोजतो. न्हाणीघरात मात्र मोरीकडे थोडा उतार ठेवतो.

काही घरांत लाकडाची जमीन करतात. लाकडाचा स्वभाव काळ्या मातीसारखाच असतो. ओल मिळाली की ते फुगते, सुकले की आकसते. म्हणून लाकूड बसवण्यापूर्वी काँक्रीटवर प्लॅस्टिकचा एक तुकडा ठेवतात आणि त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद करतात. दुसऱ्या दिवशी तो उचलून पाहतात. खाली पाण्याचे थेंब दिसले, तर काम थांबवतात.

तुमच्या घरी फरशीचे काम निघाले, तर जवळ उभे राहून पाहा. मुरमाचे किती थर दिले? काँक्रीटला किती दिवस पाणी मारले? फरशी बसून पक्की झाल्यावर तिच्यावर नाण्याने हलकेच वाजवा. आवाज खणखणीत आला, तर फरशी खाली नीट टेकली आहे. बद्द आवाज आला, तर तेथे पोकळी आहे. वेळेवर गवंड्याला दाखवा. सामान मांडण्याआधी ती एक फरशी उचलून पुन्हा बसवणे सोपे असते.