क्लोजिंगचा व्हिडिओ का आला नाही: एका जुन्या चॅम्पियनची भेट



'नाही म्हणणाऱ्या ग्राहकाला हो कसं म्हणायला लावायचं' हा व्हिडिओ जुलैमध्ये टाकतो असं मी चॅनेलवर दोनदा सांगितलं होतं. तो आला नाही. कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं, काहींनी टोमणेही मारले. शूटिंग झालं होतं, एडिटिंग झालं होतं, थंबनेलसुद्धा तयार होतं. मग काय झालं, ते आज लिहितोय. कॅमेऱ्यासमोर हे मला नीट सांगता आलं नसतं.

तुम्हाला माहीत आहे, माझं कोल्हापुरात इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. यंदा मार्चमध्ये मी एका कंपनीच्या एलईडी पॅनेलची स्कीम घेतली. 30 जूनपर्यंत 300 पॅनेलची बिलं झाली की जादा डिस्काउंट. माल उचलला, सीसी लिमिट जवळजवळ भरलं, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात गोडाऊनमध्ये 110 पॅनेल पडून होते. अशा वेळी माणूस कसा होतो ते दुकानदारालाच कळतं. बल्ब घ्यायला आलेल्या आजीलासुद्धा मी पॅनेल दाखवत होतो.

त्याच आठवड्यात एका पूल हॉलच्या मालकाला मी आठ पॅनेल विकले. त्याला खरं तर टेबलांवरच्या जुन्या शेडचे दिवे बदलायचे होते. मी म्हटलं, शेड काढूनच टाका, छताला पॅनेल लावा, हॉल एकदम मॉलसारखा दिसेल. क्लोजिंग दहा मिनिटांत. पैसेही रोख. फिटिंग बघायला संध्याकाळी मी स्वतः गेलो. बाहेर आपला कोल्हापुरी पाऊस, दोन जिने चढून वर.

आत कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ चक्क इस्त्री करत होते. सत्तरीच्या पुढचे असावेत. इस्त्री एकाच दिशेने, या टोकाकडून त्या टोकाकडे, मागे कधीच नाही. मला वाटलं कामाला ठेवलेले असतील. विचारलं तर म्हणाले, "कापडाला लव असते. उलटी फिरवली की चेंडू वाट सोडतो. आणि पावसाळ्यात कापड दमट होतं, चेंडू जड पळतो. पोरांना वाटतं आपला हात गेला."

मग त्यांनी वर बघितलं. "हे दिवे तू दिलेस?"

मी अभिमानाने हो म्हटलं.

"वाक जरा इथं."

क्यू हातात देऊन त्यांनी मला शॉट घ्यायच्या पोझिशनमध्ये वाकायला लावलं. हनुवटी क्यूवर, नजर समोर. समोरच्या छतावरचा पॅनेल थेट डोळ्यांत. शिवाय प्रत्येक चेंडूभोवती चार फिकट सावल्या. जुनी शेड टेबलाच्या बरोबर वर, खाली लटकलेली असायची. उजेड फक्त कापडावर पडायचा, खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर नाही. हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचा प्रयत्नही मी केला नव्हता, कारण मला आठ पॅनेल खपवायचे होते.

मालक बिचारा म्हणाला, "असू दे काका, होईल सवय." तेव्हाच त्याने हळूच मला सांगितलं की हे काका एके काळचे राज्य विजेते आहेत. बँकेत खेळाडू म्हणून नोकरी लागली, तिथूनच रिटायर झाले, मोतीबिंदूनंतर मॅच खेळणं सोडलं. आता रोज संध्याकाळी येतात आणि टेबल सांभाळतात, पगार घेत नाहीत. काकांनी मला नाव लिहू नको म्हणून बजावलंय, म्हणून लिहीत नाही. "चॅम्पियन म्हणून इथं कुणी ओळखत नाही, बरं चाललंय," असं त्यांचं म्हणणं.

काकांचा खेळ पूल नाही, स्नूकरही नाही. बिलियर्ड्स. मला तोवर तिन्ही एकच वाटायचं. ज्यांना माझ्यासारखंच वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. बिलियर्ड्समध्ये टेबलावर फक्त तीन चेंडू: पांढरा, पिवळा, लाल. एक तुमचा, एक समोरच्याचा, लाल दोघांचा. तुमचा चेंडू बाकीच्या दोन्हींना लागला की कॅनन, 2 गुण. लाल पाडला की 3, आणि तो लगेच परत टेबलावर ठेवला जातो. लालला लागून तुमचाच चेंडू पॉकेटमध्ये गेला तरी 3, आणि तोही तुमच्या हातात परत येतो. पूलमध्ये टेबल रिकामं करायचं असतं. इथे टेबल रिकामं होतच नाही. चूक होईपर्यंत पाळी तुमचीच.

या खेळात आपली माणसं किती पुढे गेली होती हे मला काकांकडूनच कळलं. विल्सन जोन्स 1922 चे, जन्म पुण्याचा. 1958 मध्ये कलकत्त्यात हौशी खेळाडूंचे जागतिक विजेते झाले, 1964 मध्ये पुन्हा. मुंबईच्या मायकल फरेरांनी 1978 मध्ये एकाच पाळीत हजारच्या वर गुण केले. पंकज अडवाणीसुद्धा पुण्यात जन्मलेला. आणि आता? काका म्हणाले, या हॉलमध्ये बिलियर्ड्सचे तीन चेंडू फक्त त्यांच्या पिशवीत असतात.

त्यांनी ते काढले आणि म्हणाले, खेळ. मी कॉलेजात, बीबीएच्या काळात, लेक्चर बुडवून भरपूर पूल खेळलोय, त्यामुळे हाताला थोडी सवय होती. तिसऱ्याच पाळीत मला त्यांचा पिवळा चेंडू सरळ पॉकेटसमोर दिसला. मारला. पडला. मी मान वर करून बघितलं, कौतुक होईल म्हणून.

"दोन गुण झाले," काका म्हणाले. "आता पुढं?"

मी पिवळा परत ठेवायला गेलो तर त्यांनी हात धरला. समोरच्याचा चेंडू पाडला तर तो त्याची पाळी येईपर्यंत टेबलावर परत येत नाही. म्हणजे आता माझा पांढरा आणि लाल, बस्स. कॅनन करायला दोन चेंडू लागतात. माझी अर्धी कमाई मीच बंद केली होती. लालवर प्रयत्न केला, चुकला. मग पिवळा त्यांच्या हातात आला, 'डी'मधून खेळायला. त्या धूसर डोळ्यांनी त्यांनी 34 गुण केले. एकही शॉट जोरात नाही. तिन्ही चेंडू कुणी दोरीने बांधल्यासारखे जवळजवळ फिरत होते.

"आमच्या क्लबात असा पिवळा पाडला की लोक मान फिरवायचे," ते हसत म्हणाले. "नियमात बसतं रे. पण समोरच्याला टेबलावरून घालवून तू खेळणार कुणाशी?"

खरं सांगू का, मला त्या क्षणी एकच माणूस आठवला. माझा एक वायरमन कॉन्ट्रॅक्टर आहे, वडिलांच्या काळापासूनचा. महिन्याला पंचवीस-तीस हजारांचा माल ठरलेला. मे महिन्यात मी त्याच्या गळ्यात 20 पॅनेल मारले होते. तो तीनदा नको म्हणाला होता. चौथ्यांदा हो म्हणाला. तोच प्रसंग मी त्या व्हिडिओत 'केस स्टडी' म्हणून सांगितलाय, हसत हसत. आणि मे नंतर तो दुकानात आला नव्हता, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. टार्गेटच्या एक्सेल शीटमध्ये 'कोण आलं नाही' असा कॉलम नसतो ना!

हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, ही पूल हॉलची जुनी पद्धत. मी दिले. आठही पॅनेल उतरवले, पैसे परत केले आणि जुन्या शेडमध्ये बसणारे साधे दिवे लावून दिले. त्यात मला सगळे मिळून दोनशे रुपयेही सुटले नाहीत. मालकाला आधी पटेनाच. त्याला वाटलं माल खराब निघाला म्हणून मी गुपचूप परत नेतोय.

आता तुम्ही म्हणाल, मग स्कीमचं काय झालं? गेली. 30 जूनला 41 पॅनेल कमी पडले. त्या डिस्काउंटवर मी व्याजाचा हिशोब बसवला होता, तो कोलमडला. दोन महिने घरात तोंड लपवून काढले म्हटलं तरी चालेल. बायको अकाउंट्स बघते, तिला काय सांगणार, एका काकांनी पिवळा चेंडू दाखवला म्हणून? सांगितलं शेवटी. ती म्हणाली, मार्चमध्ये मी हेच बोलले होते, तेव्हा टेबल नव्हतं म्हणून कळलं नाही का. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कॉन्ट्रॅक्टरला मी त्याच रात्री जिना उतरताना फोन केला होता. उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग त्याच्या साइटवर गेलो. 20 पैकी 13 पॅनेल खोक्यातच होते. ते उचलून आणले, क्रेडिट नोट दिली. त्याने चहा पाजला, पण बोलला फार नाही. मीही माझ्या क्लोजिंगमधलं एकही वाक्य वापरलं नाही.

व्हिडिओ अजून ड्राफ्टमध्ये आहे. डिलीट करावा की ती केस स्टडी पुन्हा, खरी खरी, शूट करावी, ठरत नाहीये. तुमचं मत लिहा.

काकांकडे मी दर गुरुवारी जातो. अजून एकदाही टेबलाचे पैसे वाचलेले नाहीत.

आणि गेल्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टर दुकानात आला. दोन स्विच, एक होल्डर, एक टेप. बिल 186 रुपये. मी पॅनेलचं नाव काढलं नाही.