कार्दिनालीमुनाउस: फिनलंडची 'घोडचूक'

चूक छोटी असेल तर मराठी माणूस 'जरा गडबड झाली' म्हणतो. मोठी असेल तर 'माती खाल्ली'. आणि फारच मोठी असेल तर ती थेट 'घोडचूक' होते. फिनिश भाषेत अशा घोडचुकीला बोलीत एक लांबलचक शब्द आहे, कार्दिनालीमुनाउस.

हे दोन शब्द जोडून झालेलं प्रकरण आहे. त्यातला 'मुनाउस' गमतीचा. 'मुना' म्हणजे अंडं. त्यावरून 'मुनाता' हे क्रियापद, अर्थ घोळ घालणं, स्वतःची शोभा करून घेणं. 'मुनाउस' म्हणजे तसा घोळ. 'मुना' हा पुरुषाच्या अवयवासाठीही वापरला जाणारा रांगडा शब्द आहे, त्यामुळे 'मुनाउस'ला थोडा चावट वासही येतो.

नवशिक्यांची इथे हमखास फजिती होते. 'मुनासिन' म्हणजे 'मी घोळ घातला'. पण 'मुनिन' म्हटलं, तर अर्थ होतो 'मी अंडं घातलं'! माफी मागायला गेलेल्या माणसाची कोंबडी व्हायला एवढा फरक पुरतो.

आता 'कार्दिनाली'. गोव्या-मुंबईच्या वाचकांना कार्डिनल म्हटलं की लाल टोपीतले चर्चचे धर्मगुरू आठवतील. फिनिशमध्येही धर्मगुरूंना हाच शब्द आहे. मात्र इथे त्यांचा काही दोष नाही. मूळ लॅटिन शब्द 'कार्दो', म्हणजे दाराची बिजागरी. ज्यावर सगळं फिरतं ते मुख्य, म्हणून कार्डिनल म्हणजे प्रमुख. आपल्या घोडचुकीतला घोडा तरी कुठे खरा असतो? घोडनवरीतही तो नुसता 'मोठी' एवढंच सांगतो.

रोजच्या किरकोळ चुकीला फिनिश लोक 'मोका' म्हणतात. चुकीच्या ग्रुपवर 'गुड मॉर्निंग' गेलं तर मोका. कंपनीचा गोपनीय पगारतक्ता गेला, तर कार्दिनालीमुनाउस. फिनलंडमध्ये नोकरी करणाऱ्याला हा फरक कळलेला बरा, कारण साहेबांनी दुसरा शब्द वापरला असेल तर 'होतं असं कधीकधी' म्हणून हसण्यावारी नेऊन चालत नाही. तसंच, हा बोलीतला शब्द आहे. मित्रांत स्वतःच्या चुकीबद्दल खुशाल वापरावा, लेखी माफीनाम्यात नको. तिथे 'विर्हे', म्हणजे साधी 'चूक', हाच शब्द शोभतो.

याच देशात आल्टो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2010 मध्ये 'अपयश दिन' सुरू केला. तो 13 ऑक्टोबरला असतो आणि त्या दिवशी लोक आपापले घोळ उघडपणे सांगतात.