नैराश्याच्या रुग्णाला परत कोण बोलावणार?

अंग मोडून येतं, डोकं जड होतं, झोप लागत नाही, कशातच जीव रमत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत नैराश्य बहुतेक वेळा अशा तक्रारी घेऊन येतं. बाहेर रांग मोठी असते आणि आत डॉक्टर एकच. अंगदुखीची गोळी, बी कॉम्प्लेक्स, फार तर झोपेची गोळी लिहून दिली जाते आणि पुढचा केसपेपर समोर येतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य आणि चिंतेसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांचे सुमारे 85 टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचं आढळलं होतं. त्यातले कित्येक जण कुठल्या ना कुठल्या दवाखान्याची पायरी चढून आलेले असतात.

डॉक्टरांनी आजार बरोबर ओळखला, तरी खरी अडचण पुढे सुरू होते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. मग गोळ्या सुटतात. ताप उतरला नाही तर माणूस तक्रार घेऊन परत येतो. नैराश्य उतरलं नाही तर तो घरातून बाहेरच पडत नाही. परत येण्याचं बळ आजारानेच काढून घेतलेलं असतं. म्हणून या आजारात औषधाइतकंच महत्त्व पाठपुराव्याला आहे, आणि तो एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातला नाही.

तिघांनी वाटून घेतलेलं काम

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वेन केटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात या प्रश्नाला हात घातला. त्यांनी काम तिघांत वाटलं. नेहमीचे डॉक्टर औषध देतात. परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ रुग्णाच्या संपर्कात राहतात, फोन करतात, नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीसारख्या मोजपट्टीने त्रास किती कमी झाला ते नोंदवतात. मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक दिवशी सगळी यादी नजरेखालून घालतात आणि सुधारणा नसलेल्यांचे उपचार बदलायला सांगतात. प्रत्येक रुग्ण त्यांना स्वतः तपासावा लागत नाही, त्यामुळे एका तज्ज्ञाचा उपयोग अनेक दवाखान्यांना होतो.

युर्गेन उन्युट्झर यांच्या नेतृत्वाखाली ही पद्धत 18 दवाखान्यांतल्या साठीपुढच्या 1,801 रुग्णांवर तपासली गेली. 2002 मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरानंतर अशा तिघांच्या पथकाकडे उपचार घेणाऱ्यांपैकी 45 टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 19 टक्के होतं.

गोव्याने दिलेलं उत्तर

आपल्याकडे पाठपुराव्यासाठी मोकळी परिचारिका कुठून आणायची? गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने याचं उत्तर शोधलं. 'मानस' या अभ्यासात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं गेलं. आजार समजावून सांगणं, श्वसनाचे व्यायाम शिकवणं, घरातल्या ताणांवर बोलणं, न आलेल्या रुग्णाशी संपर्क साधणं हे त्यांचं काम. औषध डॉक्टरांकडे आणि अवघड रुग्ण मानसोपचारतज्ज्ञांकडे.

2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी पथकाकडचे जवळपास 66 टक्के रुग्ण बरे झाले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 42 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तिथे नेहमीच्या उपचारांनीही बरेच रुग्ण सुधारत होते. तिथले डॉक्टर तेच असतात, रुग्णाला ओळखतात, त्याच्याशी बोलतात, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. मला या अभ्यासातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. जिथे ओळखीचं माणूस आधीपासून आहे तिथे समुपदेशकाने फारशी भर पडली नाही. जिथे नव्हतं तिथे चित्र पालटलं.

पुढे 'संगत'नेच गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम राबवला. मन खचलं की कामं सुटतात आणि कामं सुटली की मन आणखी खचतं. हे चक्र तोडण्यासाठी रुग्णाला झेपेल असं एखादं काम ठरवायचं, पुढच्या भेटीत ते झालं का विचारायचं, अडलं असेल तर वाट काढायची. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण 64 टक्के होतं, हा कार्यक्रम न मिळालेल्यांत 39 टक्के. या समुपदेशकांना वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं, हे विसरता कामा नये. त्यांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण ऐकून, एकमेकांचं काम तपासून ते नियमित सुधारलं जात होतं.

विदर्भातला अनुभव

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' या कार्यक्रमाने हीच साखळी गावापर्यंत नेली: गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात एवढी माणसं बोलायला पुढे आली, ही मोठीच गोष्ट आहे.

म्हणजे पद्धत हाताशी आहे, पुरावेही इथल्याच मातीतले आहेत. अडतं ते नेमणुकीवर. बहुतेक वेळा हे काम आशा सेविकेच्या आधीच भरलेल्या यादीत आणखी एक ओळ म्हणून टाकलं जातं. प्रशिक्षण एकदाच होतं, देखरेख होत नाही आणि समुपदेशकाचं पद प्रकल्पाच्या निधीबरोबर संपतं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला पगारी समुपदेशक, त्याच्याकडे रुग्णांची नोंदवही आणि ती दर आठवड्याला तपासणारा जिल्ह्याचा मानसोपचारतज्ज्ञ, एवढी मागणी ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत लावून धरायला हवी. तोवर ज्याला आज बोलायची गरज आहे, त्याच्यासाठी 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. घरातलं कुणी स्वतः फोन करू शकत नसेल, तर तो आपण लावून द्यावा आणि आठवड्याने पुन्हा विचारपूस करावी.