फर्मेंटर: प्लास्टिकचा की स्टीलचा?

अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बिअरला संघीय पातळीवर मुभा मिळाली. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हाच आहे.) अमेरिकेतले नवखे हौशी फर्मेंटर (बिअर आंबवण्याचे बंद भांडे) घेताना बहुधा एका समजुतीपाशी अडतात: प्लास्टिकमधून हवा झिरपून बिअर बिघडते, स्टील घेतले की चिंता मिटली.

प्लास्टिकमधून प्राणवायू आत शिरतो हे खरे, पण अगदी सावकाश. आंबताना यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडते आणि भांड्यातली हवा बाहेर ढकलली जाते. दोन-तीन आठवड्यांत फरक सहसा जाणवत नाही. महिनोन्‌महिने मुरवायची बिअर असेल, तर मात्र स्टील किंवा काच बरी.

खरा प्रश्न चऱ्यांचा आहे. लोणच्याचा प्लास्टिकचा डबा काथ्याने घासला की तेल आणि वास त्या चऱ्यांत घर करतात. स्टीलचा डबा धुतला की मोकळा. प्लास्टिकच्या फर्मेंटरमध्ये अशा चऱ्यांत जिवाणू बसतात, आणि जंतुनाशक द्रावण त्यांच्यापर्यंत पोचेलच असे नाही. म्हणून प्लास्टिक मऊ स्पंजनेच धुवावे आणि चरे पडले की सरळ बदलावे.

स्टीललाही पथ्य आहेच. क्लोरीनयुक्त ब्लीच तसेच राहिले तर त्यावर बारीक खड्डे पडतात. झाकणाचे रबर सैल असेल, तर महागडे भांडेही नावापुरतेच हवाबंद. पाच गॅलनच्या (सुमारे 19 लिटर) पहिल्या घाण्याला खाद्यपदार्थांसाठीची जाड बादली मला पुरेशी वाटते. वाचलेले पैसे तापमान आटोक्यात ठेवण्यावर खर्चावेत.